देवीच्या कमरेचा जपानी पट्टा

मेहरूण, जळगाव
रामनवमी झाल्यावरचा सोमवार

आदरणीय प्रेमराज नाना,

शिंदखेड्याच्या दिशेने हात जोडून नमस्कार. (घरच्या जावयाने मेहुण्याला आधी नमस्कार करायचा नसतो, असे तुमच्याच वडिलांनी मला लग्नात बजावले होते. पण तुमची बहीण कोकिळा गेल्यापासून आधी कोण आणि नंतर कोण हे ठरवणारे घरात कोणी उरले नाही, म्हणून मीच करून टाकला.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचे डोळ्याचे ऑपरेशन नीट झाल्याचे कळले. सांगणाऱ्याने असेही सांगितले, की वहिनींना आता घरातली सगळी जळमटे दिसू लागली आहेत आणि तुम्ही दिवसभर ओट्यावर बसता. मी बरा आहे. दोन्ही वेळा जेवतो. वरणाला फोडणी जमते, भाकरी जमत नाही. पत्र लिहितो आहे कारण तुम्ही माझा फोन उचलत नाही, आणि उचललात तरी मला फोनवर बोलता येत नाही.

तुमचे शेवटचे वाक्य माझ्या लक्षात आहे. “बहीन गई, आन् तुम्ही जत्रामा बाया लढाडतस?” असे म्हणून तुम्ही फोन ठेवला. उत्तर मला तेव्हाच सुचले नाही. मला ते साधारण दीड महिन्याने सुचते, त्याप्रमाणे आता लिहितो आहे. यात माझा दोष किती आणि कोकिळाचा किती, हे सगळे वाचून तुम्हीच ठरवा. तुम्ही जन्मभर कुस्त्यांचे पंच होता, तेव्हा दोन्ही बाजू पाहायची तुम्हाला सवय आहे.

कोकिळा अंथरुणाला खिळली तेव्हा आमच्या नातीने, ऋतिकाने, तिला मोबाइलवर भजने लावून दिली होती. एक संपले की दुसरे आपोआप लागे. एका दुपारी तिचा डोळा लागला आणि फोन आपल्या मर्जीने भजनांवरून कुठे कुठे फिरत जपानला पोचला. ती जागी झाली तेव्हा पडद्यावर एक लठ्ठ बाई दोरावर चढून दुसरीच्या अंगावर उडी मारत होती. मी बंद करायला गेलो, तर तिने माझा हात धरला. आजारात तिने इतक्या जोराने माझा हात कधी धरला नव्हता. त्या दिवसापासून भजने गेली. मी तिला समजावले, की या धंदेवाईक कुस्त्या असतात, कोणी जिंकायचे ते आधी ठरलेले असते. (शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केल्यामुळे मला खरे काय ते सांगायची खोड आहे.) त्यावर ती म्हणाली, “लगीनमा नवरीनं रडनं बी ठरेलच ऱ्हास. मंग ते काय खोटं ऱ्हास का?” मी औषधाची बाटली हलवत बसलो.

पुढे तिला एक गोष्ट खटकली. या कुस्त्या भरवणाऱ्या जपानी कंपनीत पुरुषांना सोन्यासारखे चमकणारे पट्टे होते, वेगवेगळ्या वजनाचे, जोडीचे, तिघांचे. बाया त्याच आखाड्यात, त्याच लोकांसमोर आपटत होत्या, पण त्यांना पट्टा नव्हता. जिंकलेली बाई वाकून नमस्कार करी आणि घाम पुसत निघून जाई. कोकिळाला हे सहन होईना. “पडनं-झडनं बायास्नं, आन् पट्टा माणसेस्ले,” असे ती दर दुपारी म्हणे. जणू ती कंपनी मीच चालवत होतो. आणि मग एके दिवशी कंपनीने जाहीर केले, की आता बायांनाही पट्टा. सूट घातलेले लोक टेबलामागे बसले होते, मध्ये कापड झाकलेले काहीतरी. कापड काढले. पट्टा दिसला. तिथेच दोन बायांनी एकमेकींच्या थोबाडीत दिली. कोकिळा म्हणाली, साखरपुडा असाच पाहिजे. त्या दिवशी तिने अर्धी पोळी जास्त खाल्ली. पट्ट्यासाठी आठ बायांच्या कुस्त्या लागणार होत्या. शेवटची होईपर्यंत ती थांबली नाही.

तुम्हाला आठवत असेल, ती गेल्यावर मी रडलो नाही म्हणून तुमच्याकडच्या बायकांत कुजबुज होती. सुतक फिटायच्या, गंधमुक्तीच्या दिवशी सगळे ओसरीत बसलेले असताना आतल्या खोलीत घंटा वाजली आणि जपानी माणूस ओरडू लागला. शेवटची कुस्ती लागली की फोन वाजावा, अशी सोय ती करून गेली होती. मी बंद करायला म्हणून आत गेलो आणि पाहत उभा राहिलो. जिंकली ती चाळिशीची, गुडघ्याला फडकी बांधलेली, सगळ्यांत जास्त वर्षे पडत आलेली बाई. कमरेला पट्टा बांधताना तिला तो लागेना, दुसरीने मागून लावून दिला. तेव्हा मला रडू आले. तुम्ही आत येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालात, मोकळे व्हा जावईबापू. बाहेर बायका म्हणाल्या, रडला एकदाचा. नाना, त्या वेळी मी त्या जपानी बाईकडे बघत होतो. तुमच्या हाताबद्दल मात्र मी आभारी आहे.

आता कोकिळाची आज्ञा. ती म्हणाली होती, “मन्हा वरीसले ताटं वाटू नका.” तिचे म्हणणे होते, की वर्षश्राद्धाच्या या वाटपामुळे आपल्याकडे प्रत्येक घरात कोणाच्या ना कोणाच्या स्मरणार्थ कोरलेले स्टीलचे ताट असते आणि माणसे मेलेल्या मामंजींच्या नावावर पिठले वाढून घेतात. ताटांऐवजी आमच्या गावच्या जत्रेत बायांच्या कुस्तीला पट्टा ठेवा, जपानसारखा. तुम्हाला माहीतच आहे, शिरपूरच्या पलीकडे आमच्या गावी मरीमायच्या जत्रेत अलीकडे मुलीही लढतात. पुरुषांच्या शेवटच्या कुस्तीला गदा असते, फेटा असतो. मुलींना टाळ्या आणि कुकर.

मी जत्रा कमिटीच्या मंगा आबांकडे गेलो. “गदाच दी टाकू ना, ईश्वर भाऊ. गदा भितडाले टांगता येस,” असे ते म्हणाले. मी पट्टाच म्हणालो. (मी दोनदा बोललो याचेच त्यांना इतके नवल वाटले, की ते कबूल झाले.) पट्टा करायला शिरपूरला पोळ्याच्या घुंगरमाळा करणाऱ्याकडे दिला. त्याने विचारले, केवढ्या बैलाचा? जिंकणारीची कंबर मला कशी माहीत असणार? मला एकाच कमरेचे माप ठाऊक होते, ते दिले. आजाराच्या आधीचे. मधला चमकता पत्रा जळगावला भांड्यांवर नावे टाकणाऱ्याकडून करून घेतला. त्याच्याकडे गोल आणि चकाकणारे असे एकच होते, ते म्हणजे ताट. काठ ठोकून त्याने त्याचा पत्रा केला आणि मी चहा प्यायला गेलो तेवढ्यात सवयीने त्यावर ‘कै. कोकिळा हिच्या वर्षश्राद्धानिमित्त सप्रेम भेट’ असे कोरून मोकळा झाला. म्हणजे इतके करूनही एक ताट निघालेच.

कमिटीने हँडबिलात ‘जपानी पद्धतीचा महिला पट्टा’ असे छापले. लोकांनी त्यातून एवढेच घेतले, की जपानच्या बाया येणार. आसपासच्या गावांहून ट्रॅक्टर भरून माणसे आली. मंगा आबांनाही शेवटी तसेच वाटू लागले असावे, कारण भंडाऱ्याच्या वांग्याच्या भाजीत त्यांनी तिखट निम्मे टाकायला लावले, पाहुण्यांना सोसणार नाही म्हणून. त्या फिक्या भाजीबद्दल गावातले लोक अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. तुमचा राग त्यापुढे काहीच नाही.

कुस्ती चांगली झाली. वरच्या पाड्यावरची सरिता आणि धुळ्याची एक मुलगी अशी शेवटची जोड होती. सरिता अंगाने बारीक, पण खाली गेली की उठायचीच नाही असे ठरवून आल्यासारखी चिकटते. तिने धुळ्याच्या मुलीची पाठ लावली. हलग्या वाजल्या. जपानी बाया नाहीत हे लोक विसरले. मंगा आबांनी माइकवरून मला पट्टा घेऊन यायला सांगितले, आणि तिथे घोटाळा झाला.

गावात कोणतीही नवी वस्तू आधी मरीमायला दाखवतात, हे तुम्हाला सांगायला नको. नवा ट्रॅक्टरसुद्धा देवळाला फेरी मारून मग शेतात जातो. म्हणून सकाळी पट्टा मीच देवळात नेऊन दिला होता. देवीची पूजा करणाऱ्या बेबाबाईंनी तो नुसता दाखवला नाही, देवीच्या कमरेला बांधला. (अगदी बरोबर बसला. मी ते माप कुठून दिले होते, ते त्यांना सांगितले नाही.) आता मागायला गेलो तर त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. “देवीना आंगवरनं काढू? तुन्ही मायना आंगवरनं काढी का कोनी, भर जत्रामा?” मी एक पायरी खाली उतरलो. मंगा आबा आले, त्यांनी देवीला हात जोडले. मागून एक जण म्हणाला, जिच्याकडे पट्टा तिला पाडल्याशिवाय मिळत नाही, जपानात असेच असते. (हा मनुष्य बातमी ऐकून आला होता, की कोकिळासारखाच दुपारी पाहत होता, कोण जाणे.) मग सरिता स्वतः आली. अंगाला माती तशीच. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मी जिकेल शे ना? मंग आते कोनसंगे खेळू, मायसंगे?” लोक हसले. ती हसली नाही. शेवटी तिला कुकर दिला. ती तो काखेत धरून पाड्याच्या रस्त्याने चालत गेली आणि मी देवळाच्या पायरीवर बसून राहिलो. मला सारखे वाटत होते, की कोणीतरी मागून म्हणणार, पडनं-झडनं बायास्नं.

तर असे झाले. तुमची बदनामी होईल असे जत्रेत काही घडले नाही, एवढे कळवण्यासाठीच हे पत्र. बाकी ठीक. गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधून पाहा. वहिनींना नमस्कार, आणि जळमटे काढायला तुम्हीच चढू नका.

तुमचा,
ईश्वर

ता.क. : एक सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी बेबाबाईंनी तोड काढली. पट्ट्यावर जिचे नाव आहे, तिच्या माहेरच्या माणसाने देवीला लुगडे आणून नेसवले, तर देवी पट्टा सोडील. अंगावरचे काढायचे तर अंगावर घालायला आधी माहेरचे पाहिजे, असा त्यांचा हिशोब. कोकिळाच्या माहेरचे म्हणावे असे तुमच्याशिवाय कोणी नाही. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, तिच्या नावाची घागर भरायची आहेच. त्या दिवशी लेकी माहेरी येतात. तिला येता येणार नाही, तर तुम्ही यावे. हिरवे लुगडे चालेल. सरिताला निरोप पाठवला आहे, की आखाजीला देवळात ये. तुम्ही येणार, असेही त्यात लिहून टाकले आहे.

ता.क. २ : तुम्ही आमच्याकडे आलात, की तरुणपणच्या कुस्त्या सांगायचात आणि शेवटी म्हणायचात, “मन्ही पाठले कोनीच माती लावी नही.” तेवढ्यात कोकिळा उठून चहा ठेवायला आत जायची. ती आत जाऊन हसायची. का, ते तिने मला आजारात सांगितले. बुराई नदीच्या वाळूत, तुम्ही दोघे लहान असताना. भांडी कोरणाऱ्याने विचारले, की ताटाच्या मागच्या बाजूला जागा आहे, काही टाकायचे का? तेव्हा मी एक ओळ टाकून घेतली : ‘पहिली विजेती कोकिळा. पाठ लागली प्रेमराजची. ठिकाण बुराई नदी.’ मागची बाजू देवीच्या पोटाला लागून आहे, त्यामुळे सध्या ते फक्त मरीमायने वाचले आहे. आखाजीला पट्टा सुटेल तेव्हा तो आधी तुमच्या हातात येईल. खोटे असेल, तर तिथेच घासून काढा. मी कानस बरोबर आणतो. खरे असेल, तर सरिताला बांधून द्या. तिला तो मागून लावता येणार नाही.