चौदा एप्रिलचा बर्फ

११ एप्रिल

भांडली मी आज! पोट्टी तिकडे कॅनडात एकटी शिकून राहिली, तिच्याशी भांडू नये, समजते मले. पण आलाच राग. व्हिडिओ लागला तसं सवयीनं म्हटलं, "जय भीम, अपेक्षा." तर तिनं पटकन आवाज कमी केला. "आई, हळू नं. दामिनी आहे खोलीत."

दामिनी म्हणजे तिच्यासंग राहते ती पोरगी. आपल्या नागपूरचीच. बाप डॉक्टर, धंतोलीत स्वतःचा दवाखाना. मीही धंतोलीतच नर्स, पण दुसऱ्याच्या दवाखान्यात! आडनाव काय, घर कुठं, अपेक्षानं कधी विचारलं नाही. विचारलं की आपलंही सांगा लागते.

"तिले समजलं तर काय खाऊन टाकन का तुले?"

"खाणार नाही आई. पण वागणं बदलते. तुले माहीत आहे."

माहीत आहे. म्हणून तर जास्त लागलं.

१२ एप्रिल

फोन नाही केला. तिनंही नाही.

१३ एप्रिल

शेवटी ह्यांनीच लावला, बुटीबोरीहून ड्युटी करून आल्या आल्या. ह्यांचा जीव लवकर पाघळते. उद्या तिचा पेपर आहे म्हणे, सकाळीच. चौदा तारखेले! मी मधातच म्हटलं, "एक मेणबत्ती तरी लावून जाजो." म्हणे, "पाहते."

पाहते म्हणे! जाताना तिच्या बॅगेत मी गुपचूप जयंतीले नेसायची पांढरी साडी टाकली होती. ती तशीच घडीत असंन.

अन् ती दामिनी! घरचा फोन आला की खोलीबाहेर जाऊन बोलते म्हणे. तिथल्या थंडीतही. मी म्हटलं, "नाक वर असंन बाईचं. आपल्यासमोर बोलायचीही लाज."

१४ एप्रिल

सकाळी विहारात वंदना. दुपारी गल्लीच्या तोंडाशी आपला स्टॉल — लिंबू सरबत. ऊन असं की डांबर चपलीले चिकटून राहिलं होतं. हे घामानं निथळत होते, पण सरबताचा मग काही हातचा सोडला नाही. ओळखीचा असो का बिनओळखीचा, रिक्षावाला असो का पोलीस, जो थांबला त्याले गिलास.

तेवढ्यात अपेक्षाचा फोन. तिथं नुकतं उजाडत होतं. "आई, बर्फ पडला! एप्रिलात! मी तर मोठं जॅकेट धुऊन ठेवून दिलं होतं. युनिव्हर्सिटी बंद. पेपर पुढे गेला!"

"म्हणजे जयंतीची सुट्टी मिळाली तुले," मी म्हटलं.



ह्यांनी फोन हिसकला. "बेटा, आम्ही सरबत वाटून राहिलो. तूही वाट!" माणूस पण! बर्फात सरबत! हसली पोट्टी. मंग हळूच म्हणे, "काय करू आई? सांग नं."

"मी काही सांगत नाही वं. तुझं तू पाह." अन् फोन ठेवला. खूप वाटलं होतं सांगावं. पण मी सांगितलेली जयंती तिची कशी होणार?

१५ एप्रिल

माय वं! काय लिहू!

सकाळी फोटो आले. बिल्डिंगच्या दारात टेबल, त्यावर निळी चादर, बाबासाहेबांचा फोटो. मागं गुडघाभर बर्फ. अन् माझी पोट्टी — पांढऱ्या साडीवर जाडजूड जॅकेट, पायात बूट! चहा वाटून राहिली! मोठं गंज-पातेलं नाही, म्हणून राईस कुकरात केला चहा. फावड्यानं रस्ता मोकळा करणारे, अडकलेले ड्रायव्हर, जो थांबला त्याले कप.

एका म्हाताऱ्यानं विचारलं म्हणे, आज कोणता सण? तिनं तिथंच मोठ्यानं सांगितलं. बाबासाहेब कोण, हे समजावता समजावता कुकर दोनदा रिकामा झाला.

मी विचारलं, "अन् तुझी दामिनी?"

"खिडकीतून पाहत होती. खाली नाही आली." मंग म्हणे, "पण आई, आता मी आवाज कमी नाही करणार. बदलू दे वागणं."

ह्यांनी तो फोटो सगळ्या गल्लीले दाखवला. शेजारच्या सिंधूताई म्हणाल्या, "थंडी नाही वाजत का पोट्टीले?" मी म्हटलं, "माझी पोरगी आहे!" इतकी छाती फुगली होती माझी की ब्लाऊज उसवते का काय! वॉर्डातही सगळ्यांले दाखवला. डॉक्टरांलेही.

१६ एप्रिल

ड्युटीवर होती. अनोळखी नंबर.

"मी दामिनीची आई." मनात म्हटलं, आलं! आता म्हणंन, आमच्या पोरीले दुसरी खोली पाहिजे. "बोला," मी कडकच म्हटलं.

तिकडून रडणं. मंग —

"जय भीम, ताई. आमची दामिनी घरचा फोन घेऊन बाहेर जाते नं... आम्हीच सांगितलं होतं तिले. तुमच्या पोरीले आमचा जय भीम ऐकू जाऊ नये म्हणून."