माझ्या गोलकीपर मुलाच्या नावे

मी, खुशालराव नत्थुजी गावंडे, वय चौसष्ट, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार अमरावती, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या भरीला न पडता, हा कागद लिहून ठेवतो. दम्याने छाती भरते, पण डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, दोन खोल्या व मागील अंगण, माझा एकुलता मुलगा श्रावण, हल्ली मुक्काम अकोट, एस.टी.त कंडक्टर, याला द्यावे. पत्नी मनकर्णा हिला त्यात हयातभर राहण्याचा हक्क आहे. श्रावणने येथे येऊन राहावे अशी अट नाही.

२. नांदगाव खंडेश्वरचे तीन एकर शेत मुलगी कौशल्या, मोर्शीस दिलेली, हिला द्यावे. श्रावण हरकत घेणार नाही. आपले म्हणून काही मागायची त्याची सवय मीच मोडली. कशी, ते पुढे लिहितो.

३. माझे दुकान कॉलेजच्या मैदानासमोर. फुटबॉलमध्ये हवा भरणे, ब्लॅडरला ठिगळ लावणे हे काम वीस वर्षे माझ्याकडे. चेंडूचा पंप कॉलेजला द्यावा, बाकी हत्यारे जावयाला. दुकानापुढचे बाकडे शेजारचा चहावाला पुंजाराम याला. त्याच बाकड्यावरून आम्ही दोघांनी सात वर्षे आमच्या संघाला हरताना पाहिले. पोरे अनवाणी खेळत आणि उत्तरार्धात धापा टाकत.

४. सन १९६० साली इंगोले सर खेळाचे मास्तर म्हणून आले. त्यांनी पोरांना पहाटे वडाळी तलावापर्यंत पळवले, कॅनव्हासचे बूट मिळवून दिले. सामने बरोबरीत सुटू लागले. तेव्हा गोलकीपर श्रावण होता. १९६१च्या दिवाळीनंतर अकोल्याच्या संघाने आमच्यावर पाच गोल केले, त्या दिवशी पुंजाराम त्याला 'चाळणी' म्हणाला, आणि ते नाव गावभर झाले.

त्याच आठवड्यात मी स्वतः इंगोले सरांकडे गेलो. म्हणालो, "पोराले काढा सर. माहा पोरगा हाये म्हणून लाज धरू नका."

सर म्हणाले, "तो सुधारून राहिला आहे, खुशालराव. हे वर्ष राहू द्या."

मी ऐकले नाही. पुन्हा दोनदा गेलो. शेवटी सरांनी श्रावणला बाहेर बसवले आणि धर्मपाल तायडे हा उंच मुलगा उभा केला. घरी मनकर्णा एवढेच म्हणाली, "पोरगं तुमचं हाये का कालेजचं?" श्रावणने कॉलेज सोडले. तरी पुढे दोन महिने तो पहाटे सायकल घेऊन बाहेर जाई. कुठे जातो, हे मी विचारले नाही.

५. जानेवारी १९६२. कॉलेजांच्या स्पर्धेचा अंतिम सामना अकोल्याला, आणि त्याच दिवशी श्रावणला अकोटला नोकरीवर हजर व्हायचे होते. आम्ही एकाच गाडीने निघालो. गाडीत सगळे आपलेच लोक. मूर्तिजापूर सोडल्यावर पुंजाराम मोठ्याने म्हणाला, "यंदा चाळणी नाई, भिंत हाये!" सगळे हसले. मीही हसलो. श्रावण दोन बाकडी पुढे बसला होता. त्याने मागे वळून पाहिले, पुंजारामकडे नव्हे, माझ्याकडे.

अकोल्याला त्याने ट्रंक स्वतः उतरवली. "बाबा, अकोटची गाडी तासाभरानं हाये. बसता काय जरा?"

मी म्हणालो, "मॅच सुरू होऊन राहिली रे." आणि गेलो.

आम्ही एक-शून्यने जिंकलो. शेवटच्या मिनिटांत धर्मपालने पेनल्टी अडवली. लोकांनी त्याच्याबरोबर मलाही खांद्यावर घेतले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, खोटे कशाला लिहू. श्रावण अकोटला कुठे उतरणार हेही मी विचारले नव्हते, ते परतीच्या गाडीत ध्यानात आले.

६. गेल्या महिन्यात धर्मपाल दुकानावर आला. आता तो अकोल्यात शिक्षक आहे. त्या पेनल्टीचा विषय मीच काढला. तो म्हणाला, "काका, तुमाले श्रावणनं सांगतलं नाई काय? दोन महिने रोज पहाटे तोच मले शिकवत होता. मारणाऱ्याच्या पायाकडं नको, कंबरेकडं पाहाचं, हे त्याचंच. म्हणे, संघ जिंकला तर बाबा खुश होतील."

मी पाना खाली ठेवला.

७. पुंजारामवर माझा राग नाही. त्याने नाव ठेवले, हसलो मी. श्रावण पाच वर्षे दिवाळीला येतो, आईशी बोलतो, मला नमस्कार करतो आणि जातो. त्याच्या वागण्यात खोट काढायला जागा नाही, हेच मला जड जाते.

८. माझ्या अंत्यविधीला श्रावणला सामन्याविषयी कोणी काही विचारू नये.

९. हा कागद मेल्यावर उघडावा, असे वकील म्हणाले. मला ते पटत नाही. माफी मागणारा समोर असला पाहिजे, म्हणजे समोरच्याला नाही म्हणता येते. उद्या सकाळच्या गाडीने मी हा स्वतः अकोटला नेतो. श्रावणची पाळी संपेपर्यंत स्टँडवर बसेन.

वाचून पाहिले, बरोबर आहे. आम्हा तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

सही: खुशालराव नत्थुजी गावंडे
साक्षीदार: १. धर्मपाल डोमाजी तायडे, अकोला
२. देवराव इंगोले, अमरावती
मुक्काम अमरावती, ता. ११ फेब्रुवारी १९६७