खोडलेली ओळ

ड्रमवाल्या,

तू वयाने मोठा होतास, पण माझ्या किचनमध्ये भांडी विसळायचास, म्हणून तूच म्हणते. तुला मराठी वाचता यायचं नाही आणि मला इंग्लिश लिहिता येत नाही, तेव्हा हे पत्र कुठे जायचं नाहीच. काल रेडिओवाली बाई आली होती. तुझ्यावर प्रोग्राम करतायत. म्हणे, आजचे ड्रमर तुझं ऐकून वाजवायला शिकले, मागे बसणाऱ्यानेही गाणी लिहावीत हे तू दाखवलंस. मग मला विचारते, "माणूस कसा होता?" मी म्हटलं, "खायचा बरा." तिला आणखी हवं होतं. मला द्यायचं नव्हतं.

काय सांगू तिला? लंडनला, क्रॉयडनच्या त्या स्टुडिओत, ट्रामच्या रुळांमागे, मी तुमच्या अख्ख्या बँडचं जेवण करायचे. चौथी शिकलेली, इंग्लिशच्या नावाने यस आणि नो. तू कागद घेऊन यायचास, टेबलाशी बसायचास आणि मी कणीक मळत असताना नवं गाणं वाचायचास. माझा हात चालत राहिला की ओळ ठेवायचास, अडखळला की खोडायचास. अर्थ न कळणाऱ्याचा हात खोटं बोलत नाही, असं तुझं म्हणणं, मला पुढे कळलं. एकदा मी चिडलेच, सुरी तुझ्यापुढे धरली. "अरे, ही माझी कणीक आहे की तुझी परीक्षा? ऊठ, कांदे चीर." "यू आर द बॉस," म्हणत उठलास आणि असले जाडेभरडे चिरलेस की सगळे मला परत चिरावे लागले. वेम्बलीच्या शोचं तिकीट दिलंस, तेव्हा मी तिथल्याच ईलिंग रोडच्या देशी दुकानांतून मेथी घेऊन तशीच शोला आले, पिशवी मांडीवर. एवढं मोठं स्टेडियम तुझी ओळ गातंय आणि माझी बोटं पिशवीवर चालतायत. अर्थ फारसा कळत नव्हता. पण ही ओळ मी पास केलीय, हे शेजारच्या गोऱ्या बाईला सांगावंसं फार वाटलं.

मग वर्षं गेली. तुझं ऐकून ऐकूनच मला इंग्लिश कळायला लागलं. तुला बोलले नाही. बोलले असते तर तू वाचायला आला नसतास. त्या शेवटच्या गाण्याच्या दिवशी तू येऊन बसतोस, बारीक झालेला, कोटही न काढता. आजाराचं कुणाला सांगितलं नव्हतंस, मलाही नाही. वाचतोस: माझी खुर्ची आत सरकवू नका, मी आत्ताच उठलोय. आणि माझे हात परातीत थांबतात. तू बघतोस, मान हलवतोस, "राइट, बॉस," म्हणतोस आणि ओळ खोडतोस. दोन महिन्यांत तू गेलास. ते गाणं आता शाळेतली पोरंही गातात, त्या ओळीवाचून.

ओळ चांगली होती रे. सगळ्यात चांगली. मला कळली म्हणून हात थांबले. तेव्हाच सांगायला हवं होतं, अगदी तोंडाशी आलं होतं. पण तू पेन फिरवलंस आणि मला बरं वाटलं. वाटलं, ओळ गेली, आता तू राहशील.