सूनबाईचं ‘कीप’

चि. बेबीस,

ताईचे भरभरून आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला गेला का? आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे अजून कोणी घराबाहेर काढलेलं नाही.

लहान घरात जायचं म्हणून सूनबाईने बैठकीच्या खोलीचे तीन भाग केलेत. खिडकीपाशी ठेवायचं, कपाटापाशी कुणाला तरी द्यायचं, दारापाशी टाकायचं. एकेक वस्तू उचलते आणि विचारते, “आई, कीप?” दिवसभर कीप, कीप, चिमणीच्या पिल्लासारखं! अगं, कॉन्व्हेंटात सिस्टरांनी हे क्रियापद आपल्याला किती मायेने (आणि पट्टीने) शिकवलं होतं! कीप क्वाएट, कीप स्ट्रेट, कीप युअर प्रॉमिस. (पहिलं तुला कधीच जमलं नाही.) आपण मराठीत शब्द पाळतो, गुपित राखतो, आठवण जपतो, म्हातारी माणसं सांभाळतो आणि छत्री कुठेतरी ठेवून येतो. इंग्रजांनी एवढ्या सगळ्याला एकच शब्द पुरवला. तो ऐकला की मला शाळेच्या व्हरांड्यातला पॉलिशचा वास येतो आणि मी बरणीच्या झाकणालाही ‘यस’ म्हणून बसते.

“आई, बरणी कुठाय?”

“फुटली.”

“मग झाकण कशाला?”

मी झाकण गुपचूप खिडकीपाशी सरकवलं. ह्यांचा तर काडीचा उपयोग नाही. आरामखुर्चीतून म्हणतात, “मला विचारू नका, मी खुर्चीबरोबर आहे.”

आणि आज सकाळी पाहते तर आपल्या आईचं शिवणाचं मशीन दारापाशी! ज्यावर तिने आपल्या दोघींचे युनिफॉर्म शिवले, ते टाकायच्या ढिगात, मला न विचारता! सूनबाई बाहेर पडली तशी कोपऱ्यावरच्या टेम्पोवाल्याला वर बोलावलं.

तुझी,
ताई

ता. क. मशीन टेम्पोत चढलंय, पत्र टेम्पोवाल्याच्याच हाती देते. जागा नाही म्हणू नकोस. भावोजींच्या व्यायामाच्या सायकलवर तू टॉवेलच वाळत घालतेस, ती हलव.

ता. क. २. मशीन येत नाही. सूनबाई मिस्त्रीला घेऊन आली आणि खाली टेम्पोत मशीन पाहून मटकन पायरीवरच बसली. तेलपाणी करायला न्यायला सोपं जावं म्हणून दारापाशी सरकवलं होतं म्हणे! टेम्पोवाला बडबडतोय. पत्र टपालाने टाकते, एवढं लिहिलंय ते फुकट कशाला घालवू?

ता. क. ३. “आई, मला शिवायला शिकवाल?” असं तिने सगळ्यांदेखत विचारलं. मी “बघू” म्हटलंय. आणि सुईदोऱ्याचा डबा खिडकीपाशी, ‘कीप’मध्ये नेऊन ठेवलाय.