जखिणीचे गमबूट

८ जून १९९८
शिरूरहून ट्रंक, पुस्तकं आणि टेबलफॅन घेऊन आज दाखल झालो. बदलीचं गाव म्हणजे वरवंडपासून आत, माळावरची वस्ती. शाळा, मारुती आणि नवा रंगाचा कारखाना. लोक तिन्हीकडे सारख्याच भक्तीनं जातात, प्रसाद तेवढा शेवटच्या ठिकाणी महिन्याच्या महिन्याला मिळतो. खोली अनसाबाईंची. बाई जिभेनं माझ्या तोडीच्या, तेव्हा जमेल. मुलगा संपत कारखान्यात, नात पूनम माझ्याच सातवीत. पाणी मात्र वरच्या हापशावरून, रांगेत उभं राहून आणायचं. ओढ्यालगतच्या विहिरीत जखीण आहे, हे बाईंनी लाइटबिलाच्या अटीइतक्या सहज सांगितलं.

१५ जून
दिवाळी अंकासाठी विषय सापडला. माझं म्हणणं असं : ज्याची भीती वाटते पण ज्याचं नाव घेता येत नाही, त्याला समाज भूत म्हणतो. विहिरीतली जखीण बहुधा कुणाची तरी सून असते आणि तिचा पाय आपोआप घसरलेला नसतो. गाव तिला भितं म्हणजे स्वतःच्याच हातांना भितं. पण या जखिणीचं घराणं कुणाला सांगता येईना. आली कधी, विचारलं; तर दोन वर्षांमागं, कारखान्यापाठोपाठ. इतकी ताजी जखीण प्रथमच भेटली. म्हणजे लोक यंत्रयुगाला भितात! लेखाला झकास मुद्दा.

२२ जून
विहिरीचं पाणी पिऊन दाखवणार म्हटल्यावर अनसाबाईंनी तांब्या लपवला होता, शोधून काढला. सातवीच्या वर्गासमोर विहिरीचं पाणी प्यालो. किंचित तुरट. गावानं निकाल दिला : सर ख्रिस्ती, त्यांना आमची जखीण लागायची नाही. म्हणजे जखीणसुद्धा जातीचा दाखला बघते. मग पूनम पुढं झाली. अनसाबाई ओरडत धावत आल्या, तोवर पोरीनं तांब्या रिकामा केला होता. मी टाळ्या वाजवल्या. आता मुलं येता-जाता तिथंच पितात, मीही रोज पितो. बाई माझ्याशी बोलत नाहीत. अंधश्रद्धेची मुळं किती खोल असतात!

६ जुलै
बोटांना मुंग्या येतात, खडू धरवत नाही. पूनम भिंत धरून चालते. दौंडच्या डॉक्टरांनी विचारलं, पोर काय प्याली.
संध्याकाळी अनसाबाईंनी मला ओसरीवर बसवलं. जखीण त्यांनीच विहिरीत सोडली होती. कारखान्याचा टँकर ओढ्यात रिकामा होतो, ते विहिरीत पाझरतं. तोंड उघडलं तर संपतचं काम जाणार. म्हणून भूत. मला तरी खरं सांगायचं, असं मी म्हणालो.
"तुम्ही पेपरात लिवणारं माणूस," त्या म्हणाल्या. "आन् जखीण म्हणा न्हाईतर इख म्हणा, सर. पोरं पीत न्हवती न्हवं?"
दोन वर्षं जे भुतानं राखलं, ते मी एका तांब्यात घालवलं.

९ जुलै
विहिरीच्या काठावर तांबड्या रंगात लिहिलं : पाणी विषारी, कृपा कारखान्याची. सकाळी चुना फासलेला. पुन्हा लिहिलं, पुन्हा चुना. कारखान्याचे साहेब म्हणतात, पाणी तपासून घेतलंय, पिण्यास योग्य. त्यांना एक तांब्या पाठवला. परत आला. भरलेलाच.

१३ जुलै
वर्गात विष म्हणून सांगितलं. मुलं म्हणाली, आमचे पप्पा तिथंच कामाला आहेत, ते कशाला विष घालतील? आणि भिऊ नका, हे सरांनीच शिकवलेलं.
ठीक. जखिणीला कामावर परत घेतो. जखिणींचं नेहमीचं हिरवं लुगडं रद्द. आता ती कारखान्याचे पिवळे गमबूट घालते, टँकरवर बसून येते. जो पाणी पितो, त्याच्या दारात तिची ओली पावलं उमटतात. ही गोष्ट आधी पूनमला खाटेपाशी बसून ऐकवली. ती म्हणाली, "पायांचा आवाज बी घाला, सर. पचक, पचक." घातला. मग शाळेत सांगितली. वर्ग पांढरा पडला.

१७ जुलै
विहिरीवर चिटपाखरू नाही. पोरांनी टँकरवर दगड टाकले. ड्रायव्हर यायला तयार नाही – त्यालाही ती दिसली म्हणे. साहेबांचा निरोप : अफवा थांबवा. उलट कळवलं – जखीण तपासून घेतली आहे, योग्य आहे.

२० जुलै
पेन बोटांना बांधलंय. दिसतं ते पिवळं.
दारात ओलं. पाऊस नाही. बुटाचा ठसा – अनसाबाई म्हणतात, काही नाही. मग पुसत काय होत्या?

२१ जुलै
भर दुपार. पचक. पचक.
साहेबाचा माणूस – किंवा मी घडवलेली ती. काय फरक –
उठवत नाही. पण उंबऱ्यावर तांब्या भरून ठेवलाय. त्याच विहिरीचा. आल्यागेल्याला आधी पाणी – रीतच आहे आपली.
कडी वाजली. पिवळं काहीतरी –
मी म्हणालो, या. आधी तांब्या उचला. माझ्यासमोर प्या, मग –