पिन लावलेलं पान

ता. ६, शनिवार

चि. भिंगरीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद.

पुस्तक पोचलं. लिहायला शिकण्याच्या वर्गात तुम्हाला वर्षभर एकच थोर कथाकार वाचायला लावतात, हे मी दुकानात सांगितलं. शिंपीदादा म्हणाले, त्यात काय एवढं, तुम्हाला सरळ काज करायला दोन वर्षं लागली होती. घ्या. चाळीस वर्षं ह्यांच्या दुकानात काजं करतेय, तरी हे विसरत नाहीत. लेखकाचं नाव भारीच जोडाक्षरांचं आहे, माझी चौथी तिथे पुरत नाही. मी त्यांना बुवा म्हणते.

तुमच्या मास्तरांची युक्ती मला आवडली. शेवटच्या पानाला पिन लावायची, आधीचं वाचायचं, शेवट आपण लिहायचा आणि मगच पिन काढायची. एकाहत्तराव्या वर्षी मला गृहपाठ दिलास, कमाल आहे तुझी.

बुवांची एक खोड मी पकडली बरं का. ते आधी गुपचूप काज करून ठेवतात आणि बटण लांब कुठेतरी लावतात. तू पिन लावलेल्या गोष्टीतली इस्त्रीवाली पहिल्याच पानावर गिऱ्हाइकाच्या घरात शिरताना चपला फिरवून, तोंड बाहेर करून ठेवते. का, तर निघताना वळायला नको. हे काज मी लक्षात ठेवलंय. बटण अजून दिसलेलं नाही. पुढे तिला काखेत गाठ लागते, ऑपरेशनच्या खोलीबाहेर ती बाकावर बसते आणि तिथेच तुझी पिन.

एवढ्या गोष्टींतून हीच का गं निवडलीस? तुला कुणी काही कळवलं का? नसेल तर सोड. इथे सगळं ठीक. परवापासून काजं जरा तिरकी जातायत, चष्मा बदलायला हवा.

धुतल्यावर कापड आटतं, तसा तुझा लोभ आटू देऊ नकोस.
तुझी आजी

ता. १०, बुधवार

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं काज-बटण मी वर्गात सांगितलं. मास्तरांनी ते फळ्यावर लिहिलं आणि ह्या बाई कुठे शिकल्या म्हणून विचारलं. ही गोष्ट मी निवडली ती फक्त छोटी आहे म्हणून. मला कुणी काही कळवलेलं नाही. पण तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि एका ओळीशी अडकले. तुझं काज तिरकं गेल्याचं मी जन्मात ऐकलेलं नाही. बुवा ज्या ओळीत सगळं ठीक म्हणतात, तिच्या पुढच्याच ओळीत काहीतरी बिनसलेलं असतं. तूही तेच केलंयस. काय झालंय ते सरळ लिही.

लोभ आहेच, लपवाछपवी नको.
तुझी भिंगरी

ता. १५, सोमवार

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

वाचायला शिकवावं तर असं, आपलंच बिंग फुटतं. तर ऐक. माझ्याही काखेत गाठ आहे. दोन महिन्यांपूर्वी शर्टाच्या बटणाएवढी होती, आता कोटाच्या बटणाएवढी झालीय. चोवीस तारखेला, बुधवारी, कापायची म्हणतात. काढल्यावर तपासतील आणि मग काय ते कळेल. तुझ्या बापाला सांगितलेलं नाही. तो उगाच तोंड पाडून बसतो, मग मलाच त्याची समजूत काढावी लागते.

मला फार भीती वाटते गं. काजं त्यामुळेच तिरकी जातायत, चष्म्यामुळे नाही. शेवट मी तीनदा लिहिला. तिन्ही वेळा ती बाई बाकावरून उठली आणि घरी पळाली. बसवून ठेवलं तरी बसत नाही. खरं सांगू, मलाही जायचं नाहीये. म्हणून मी ठरवलंय, बुवांची बाई जगली तर मी जाणार, मेली तर नाही. पिनेला हात लावायचा धीर होत नाही. तू वाचलंयस, तूच सांग. जगते का?

रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझी आजी

ता. १८, गुरुवार

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

जगते असं दहादा लिहिलं आणि दहादा फाडलं. सांगणार नाही. एवढंच सांगते, ती पळत नाही. बाबांना मी कळवलंय, काय बोलायचं ते मला बोल. बुधवारी सकाळच्या बसने मी येतेय. पिन काढलीस तरी चालेल, पण बाकावर बसून काढ, घरी नको. मलाही भीती वाटतेय, आजी.

लोभ घट्ट धरून ठेव, मी पोचेपर्यंत.
तुझी भिंगरी

ता. २४, बुधवार

चि. भिंगरीस,
बाकावरून आशीर्वाद.

तुझी बस अजून आलेली नाही. तुझा बाप कागदांवर सह्या करायला गेलाय. रागावला नाही. मांडीवर कागद ठेवून लिहितेय, अक्षर वाकडं येतंय, समजून घे.

पिन काढली. आधी बुवांना मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. एवढा मोठा माणूस, आणि बाई जगली की मेली ते सांगतच नाही. खोलीच्या दाराशी ती चपला काढते, काख ठणकत असतानाही खाली वाकते, चपला फिरवून तोंड बाहेर करून ठेवते आणि आत जाते. संपली गोष्ट. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सापडलं की गं बटण. मी एवढी खूश झाले की नर्सबाई वळून बघायला लागल्या. ह्या वयात, अशा जागी, बाईला हसू कसलं येतंय.

भीती गेली असं समजू नकोस. ती इथेच बसलीय, मांडीला मांडी लावून. पण मी उठून पळाले नाही, तेवढं तुझ्या मास्तरांना सांग.

हाक आली. हे पत्र तुझ्या बापाजवळ ठेवते. चपला मी दाराशी काढल्यात, तोंड आतच आहे, मला वाकवत नाही. आलीस की आधी तेवढ्या फिरव.

लोभ चपलांपाशीच ठेवून जातेय, सांभाळ.
तुझी आजी