ज्योतीचा रंग

३ मार्च
फ्रिज गार होईना. दूध नासलं. बाबा म्हणाले, "गॅस कमी झाला असेल. पण गळती मी झाळलेल्या नळीच्या जोडातून नाही!" आई गेली त्याच्या आदल्या वर्षी त्यांनीच भरलेला गॅस. पुढे बाबांचे डोळे गेले, फ्रिज-दुरुस्तीचं दुकान बंद झालं. हा फ्रिज म्हणजे त्यांच्या हातचं शेवटचं काम.

५ मार्च
माझीच जीभ घसरली! बारावीच्या मुलांकडून याच धड्याची उजळणी करून घेतेय, म्हणून चहा पिताना सांगत बसले— तुमच्या त्या जुन्या गॅसमध्ये एक कार्बन, त्याला दोन क्लोरीन, दोन फ्लोरीन. वास नाही, पेटत नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बाबा खूश. "म्हणून तर फ्रिजमधून अमोनियाला हाकललं! तो गळला की माणसं पळत सुटायची."

मग पुढचंही बोलून गेले. कशाशीच संयोग होत नाही म्हणून न मोडता थेट वर पोचतो. तिथं उन्हानं क्लोरीन सुटतो आणि ओझोन फोडत राहतो— एकेक अणू हजारो वेळा.

बाबांनी कप खाली ठेवला. "आम्ही दुरुस्तीआधी उरलेला गॅस सरळ हवेत सोडायचो गं."

६ मार्च
बाबा जेवले नाहीत. कशाला बोलले मी!

९ मार्च
"आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार," म्हणून हसले. हसू खोटं होतं. मग म्हणाले, "सोडला तो सोडला. पण माझ्या जोडातून कधी गळला नाही. तेवढं तरी!"

माळ्यावरून गळती शोधायची बत्ती काढायला लावली. तिची नळी जोडापाशी फिरवायची, ती तिथली हवा ज्योतीत ओढते. गॅस नसेल तर ज्योत निळी. असेल तर तांब्याच्या चकतीवर हिरवी. लहानपणी ती हिरवी ज्योत बघायला मी हट्ट धरायचे.

१० मार्च
खिडक्या उघडल्या. नळी बाबांनीच धरली, बोटांनी चाचपत एकेका जोडापाशी नेली. मागच्या जोडापाशी आली आणि ज्योत हिरवीगार!
"रंग?"
"निळा."
बाबा खोकले. "विझव," म्हणाले, आणि खुर्चीत बसले. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

१२ मार्च
फ्रिजमधला गॅस टाकीत भरून नेणारा माणूस दारात! बोलावला बाबांनीच. "जोड गळतोय. उरलाय तो तरी वर जायला नको." "तुम्हाला कसं कळलं?" "हिरव्या ज्योतीचा धूर घशाला झोंबतो, बाळा. जन्म गेला त्यात." मग चाचपडत माझा हात धरला. "पण निळा म्हणालीस ना, तेव्हा फार बरं वाटलं."